ब्रेड आज लेट आहे

डिसेंबर लागला की पुणेकरांना दोन गोष्टींचा विलक्षण अभिमान वाटायला लागतो. एक सवाई आणि दुसरी थंडी. 'काल पाषाणला किती होतं माहितीये? नऊ!' हे वाक्य लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, सिग्नलला शेजारच्या बाइकवाल्याकडून, कुठेही ऐकू येतं. कपाटातली स्वेटरं बाहेर येतात, हुरड्याचे बेत ठरतात, आणि 'चल, या वीकेंडला घरीच ब्रेड करू या' असा झटका आपल्यापैकी अनेकांना नेमका याच दिवसांत येतो. गरम ओव्हन, ताज्या ब्रेडचा वास, सोबत टोमॅटोचं सूप. पिक्चर एकदम परफेक्ट!

मग आपण रेसिपी उघडतो. त्यात लिहिलेलं असतं, 'पीठ एक तास झाकून ठेवा, दुप्पट होईल.' एक तास होतो. पीठ ढिम्म. दोन तास होतात. पीठ तसंच. माझ्या ऑफिसातला एक जण गेल्या जानेवारीत रात्री साडेअकरा वाजता फोन करून म्हणाला, 'यीस्ट मेलंय गं बहुतेक, फेकून देऊ का?' मी म्हटलं, 'फेकू नकोस. झोप.' सकाळी त्याचं पीठ भांड्याच्या काठाशी येऊन बसलं होतं.

आजचा विषय हाच. थंडीतला ब्रेड. आणि आजचा फंडाही एकच: ब्रेडला घड्याळ कळत नाही, त्याला फक्त तापमान कळतं.

एक तास? कुणाचा?

रेसिपीतला तो 'एक तास' खोटा नसतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला असतो. तिथे बहुधा २५-२६ अंश असतात. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री, खिडकीची फट उघडी असेल तर ओट्यापाशी १७-१८ अंश असतात. यीस्ट हा जिवंत जीव. साधारण ८ ते १० अंशांनी तापमान उतरलं की त्याच्या कामाचा वेग निम्म्यावर येतो. फ्रिजमध्ये, ४ अंशांना, तो जवळजवळ झोपूनच जातो. उलट ५५-६० अंशांच्या आसपास मरतो. म्हणजे थंडीने यीस्ट मरत नाही, हळू होतं. मारतो तो आपला उतावळेपणा. 'जरा गरम पाणी घालू या' म्हणून कढत पाणी ओतलं, की खेळ खलास.

आणि हे आपल्या घरांना नवीन आहे का? अजिबात नाही. थंडीत इडलीचं पीठ आंबत नाही, दही लागत नाही, हे आपल्या प्रत्येकाच्या आईला पाठ असतं. म्हणून तर पिठाच्या डब्याला जुनी शाल गुंडाळायची, विरजण लावलेलं भांडं कॅसरोलमध्ये ठेवायचं, रात्रीऐवजी संध्याकाळीच पीठ वाटून ठेवायचं. इडलीत फुगवण्याचं काम मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू करतात, ब्रेडमध्ये यीस्ट. मंडळी वेगळी, पण थंडीबद्दलचं मत एकच.

रूट नंबर एक : आजच पाहिजे

पाहुणे आज येणार आहेत, ब्रेड आज संध्याकाळीच पाहिजे, अशी वेळ असेल तर पिठाला ऊब द्या. बेकरीवाल्यांचं एक साधं गणित आहे. मळून झालेलं पीठ किती अंशांचं हवं? समजा २६. त्याला ३ ने गुणा. ७८. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, पिठाचं वजा करा, आणि मळताना घर्षणाने येणारी उष्णता वजा करा. हाताने मळत असाल तर ती दोनेक अंश. खोली १८, पीठ १८, घर्षण २. उरले ४०. तुमचं पाणी ४० अंशांचं हवं. बोट बुडवल्यावर 'आहाहा' वाटलं पाहिजे, 'आई गं' नाही!

मग ती ऊब टिकवा. बंद ओटीजीमध्ये आतला दिवा असेल तर फक्त तो लावा आणि पीठ आत ठेवा. किंवा बंद मायक्रोवेव्हमध्ये उकळत्या पाण्याचा एक मग ठेवा आणि शेजारी पिठाचं भांडं. मायक्रोवेव्ह चालू मात्र करायचा नाही. इलेक्ट्रिक कुकरचं 'वॉर्म' बटण हा मोह टाळा. ते भात गरम ठेवण्यासाठी असतं, यीस्टसाठी ती सरळ भट्टी आहे. आणि पीठ कडप्प्यावर किंवा ग्रॅनाइटवर थेट ठेवू नका. थंडीत ओट्याचा दगड भांड्यातली सगळी ऊब शोषून घेतो. खाली जाडसा टॉवेल दुमडून ठेवला तरी बराच फरक पडतो.

हे सगळं जमतं. चालतं. पण खरं सांगू? नोकरी करणाऱ्या माणसासाठी थंडीतला खरा मजेदार रूट दुसराच आहे.

रूट नंबर दोन : रातराणी

विचार करा. ब्रेड करायला वेळ लागतो, ही आपली तक्रार. पण त्यात आपला वेळ किती? मळायला दहा मिनिटं, आकार द्यायला पाच, भाजताना लक्ष ठेवायला अर्धा-पाऊण तास. बाकी सगळा वेळ पिठाचा. उन्हाळ्यात पंचाईत अशी, की ३२ अंशांना पीठ तासाभरात फुगून तयार, आणि आपण त्याच्या दिमतीला हजर नसलो तर आंबून बसतं. थंडीत पीठ आपल्यासाठी थांबतं. रात्री मळा, झोपा, सकाळी उठा. आठ-दहा तास ते निवांत काम करत असतं. यीस्ट कमी घालायचं, वेळ जास्त द्यायचा. बस्स.

आणि चव? या लांबलेल्या वेळात पिठातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करत राहतात, थोडी आम्लं तयार होतात, वासाची संयुगं तयार होतात. झटपट ब्रेडला येते ती फक्त यीस्टची चव. रात्रभर बसलेल्या ब्रेडला गव्हाची चव येते.

ही युक्ती जगभर फेमस झाली ती २००६ च्या नोव्हेंबरमध्ये. न्यूयॉर्कमधल्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीच्या जिम लेही यांची पद्धत मार्क बिटमन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिली. चिमूटभर यीस्ट, मळायचं नाहीच, १२ ते १८ तास ठेवून द्यायचं आणि झाकणाच्या जड भांड्यात भाजायचं. लोक वेडे झाले. पण रात्रभराच्या पावाचं हे गुपित आपल्या शेजारी फार आधीपासून होतं. 'पाव' हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि गोव्यात पाव फुगवायला माडाची ताडी वापरायचे. रात्री पीठ तयार, पहाटे भट्टी, आणि उजाडता उजाडता सायकलवर भोंपू वाजवत पोदेर दारात. आपण झोपलेलो असताना पाव जागा असतो, ही त्यातली गंमत.

बाबांची फर्स्ट शिफ्ट

आता थोडं घरातलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबा साताऱ्याचं घर बंद करून माझ्याकडे कोथरूडला आले. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर 'कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली' हे लिहिण्यात गेलं. रिटायर झाले तरी पहाटे पाचला डोळे उघडतात ते उघडतातच. मी उठते साडेसातला. मधले अडीच तास ते अंधारात खुर्चीवर बसून असायचे. दिवा लावायचे नाहीत, कारण माझी झोपमोड होईल. दिवसभर घरात सगळं कुणीतरी करून जातं. पोळ्यांच्या मावशी येतात, भाजी मोबाइलवरून येते, बिलं आपोआप भरली जातात. रात्री मी यायची तेव्हा आमची तीन वाक्यं व्हायची. 'जेवलीस का?' 'उद्या उशीर आहे का?' 'दिवा बंद कर.'

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी सातारला परत जायचं काढलं. मी म्हटलं, 'बाबा, इथे काही कमी आहे का?' ते म्हणाले, 'कमी काही नाही. पण मला काम काय इथे?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसलेला असेल, म्हणून सांगतेय.

थंडी पडली, माझं रात्री पीठ मळणं सुरू झालं. एका शुक्रवारी बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, 'ही गाडी सुटणार कधी?' मी म्हटलं, 'सकाळी. सातच्या सुमाराला.' 'सुमाराला म्हणजे? सहा पन्नास का सात वीस?' मी म्हटलं, 'बाबा, याला टाइमटेबल नसतं. ओट्यावर किती थंडी आहे, त्यावर आहे.' त्यांना हे बिलकूल पटलं नाही. ज्या गोष्टीला वेळ नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

पण दुसऱ्याच दिवशी भिंतीवर लावायचा थर्मामीटर घेऊन आले. आणि 'कालनिर्णय'वर, जिथे आई दुधाचा हिशेब लिहायची त्याच जागी, नोंदी सुरू झाल्या. '१७ अंश. मळले ९.३०. दुप्पट ७.४५.' पुढच्या शनिवारी, '१९ अंश. मळले ९.३०. दुप्पट ६.१५.' मग एक उबदार ढगाळ रात्र आली, '२१ अंश. दुप्पट ४.५०. मी उठायच्या आधीच आली!' तीन नोंदींत त्यांना कळलं, की गाडी वेळेवरच असते. आपण चुकीचं घड्याळ बघत असतो.

आता शनिवारची पहाटेची शिफ्ट बाबांची. ज्या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात चहाशिवाय काही केलं नाही, तो माणूस ओल्या बोटाने पीठ दाबून बघतो, आकार देतो, ओटीजी तापवतो. स्वयंपाकघराचा दिवा आता पाचलाच लागतो. मला जाग येते ती वासाने. आणि आमची वाक्यं तीनवरून बरीच पुढे गेली आहेत. त्यातली निम्मी पिठाबद्दल असतात. उरलेल्या निम्म्यांत कधीकधी आई येते. 'ती इडलीचं पीठ माझ्या मफलरमध्ये गुंडाळायची, आणि सकाळी मी मफलर शोधत बसायचो,' हे मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

सातारला जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. संक्रांतीला ते आठवडाभर जाऊन आले. शुक्रवारी रात्री दहाला फोन आला. मला वाटलं, तब्येत. तर पलीकडून, 'ओट्यावर किती आहेत गं?' मी म्हटलं, 'अठरा.' 'मग सातच्या आत उठू नकोस,' म्हणाले आणि फोन ठेवला.

तर कृती

घरात वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर डिजिटल काटा घ्याच, पिझ्झाच्या एका पार्टीपेक्षा स्वस्त पडतो.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ मिलिलिटर, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट दीड ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. हवं तर एक मोठा चमचा तेल. साखर लागत नाही, पीठच यीस्टला पुरेसं खायला घालतं. यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनोन् महिने टिकतं. शंका असेल तर थोड्या कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा. फेस आला तर तब्येत ठणठणीत.

चक्कीवरची कणीक वापरायची असेल तर सुरुवातीला ५०० तले १५० ग्रॅमच घ्या. चक्कीत दळताना गव्हाचा स्टार्च जास्त भरडला जातो, म्हणून कणीक पाणी जास्त पिते. आणि तिच्यातला कोंडा पिठाच्या ताणल्या जाणाऱ्या जाळीला कापतो. म्हणून निव्वळ कणकेचा ब्रेड जरा बसका होतो. चवीला मात्र झकास. पाणी दोन-तीन चमचे वाढवा.

शुक्रवारी रात्री साडेनऊला सगळं एकत्र करा, नळाचं साधं पाणी घ्या. वीस मिनिटं झाकून ठेवा, मग दहा मिनिटं मळा. थंडीत पीठ जरा घट्ट लागतं, लगेच पाणी ओतू नका. मळता मळता हाताला सैल येतं. पोळ्यांच्या कणकेपेक्षा थोडं चिकट असलेलं चांगलं. मोठ्या भांड्याला तेलाचा हात लावा, पीठ ठेवा, घट्ट झाका. थंडीतली हवा कोरडी असते, उघडं राहिलं तर वर पापुद्रा धरतो.

आता आमच्या घरची ट्रिक. लिंबाएवढा पिठाचा गोळा काढून सरळ भिंतींच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा, तो जिथवर आहे तिथे रबरबँड लावा आणि ग्लास भांड्याशेजारीच ठेवा. सकाळी ग्लासातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीवर आलं, की मोठं पीठही तयार. अंदाजपंचे कारभार बंद! ग्लासातला गोळा मग परत पिठात मिसळून टाकायचा.

सकाळी पीठ हलक्या हाताने दाबून हवा काढा, चपटं करा, गुंडाळी करा आणि तेल लावलेल्या ९ बाय ५ इंचाच्या टिनमध्ये शिवण खाली करून ठेवा. ही दुसरी फुगवण थंड खोलीत दोन-अडीच तास घेते. घाई असेल तर मघाचा गरम पाण्याच्या मगचा उपाय करा, तासा-सव्वा तासात होईल. झालं की नाही हे बोट सांगतं. ओल्या बोटाने हलकं दाबा. खळगा टुणकन वर आला तर अजून थांबा. हळूहळू, अर्धवट भरला तर लगेच भाजायला घ्या. भरलाच नाही तर उशीर झालाय, तरीही भाजा. थोडा बसका होईल, पण खायला मस्तच लागेल.

ओटीजी २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं तापवा, वरची-खालची दोन्ही कॉइल्स चालू. टिन खालच्या रॅकवर. पंधरा मिनिटांनी १९० वर आणा आणि आणखी पंचवीस मिनिटं भाजा. वरून लवकर करपायला लागला तर फॉइल पांघरा. टिनमधून काढून तळावर टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. आणि मग सगळ्यात अवघड काम: तासभर कापायचा नाही. आत वाफ असते, गर अजून जमत असतो. गरम कापला तर सुरीला लगदा चिकटतो. त्या तासात चहा करा, अंघोळ उरका, कुणाशी तरी बोला.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्यापैकी कित्येकांनी ब्रेड करून पाहिला, कारण तेव्हा वेळच वेळ होता. ऑफिसं सुरू झाली आणि टिन माळ्यावर गेले. 'आता वेळ कुठेय?' हे वाक्य मी रोज ऐकते, रोज म्हणतेही. आपला सगळा आठवडा डेडलाइनवर चालतो. कुणीतरी दुसऱ्याच शहरात ठरवलेल्या तासांवर. थंडीतला ब्रेड ही त्यातली एकमेव गोष्ट, जिला आपल्या ओट्यावर किती अंश आहेत याच्याशीच मतलब असतो.

तेव्हा फेब्रुवारी सरायच्या आत एक शुक्रवार काढा. टिन माळ्यावरून उतरवा. घरात पाचला उठणारं कुणी असेल, तर पहाटेची शिफ्ट त्यांना द्या. 'तुम्ही आराम करा' हे ऐकून ते कंटाळलेले असतात. आणि शनिवारी सकाळी झाकण उघडल्यावर पीठ अर्ध्यावरच दिसलं, तर घाबरून फेकू नका. गाडी लेट आहे. कॅन्सल झालेली नाही.